९२ टक्के या आकड्याचे काय करायचे?

स्त्रियांच्या आरोग्यावर भाषण असो, शिबिर असो किंवा एखादा अहवाल असो, एक आकडा हमखास पुढे येतो. 'गडचिरोलीतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहेत.' ऐकणारा हळहळतो. पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: 'कारण तिथे अज्ञान आहे, जंगलचा भाग आहे, जुन्या रूढी आहेत. म्हणून जागृती केली पाहिजे.'

आकडा खरा आहे. तो एका गाजलेल्या शोधनिबंधातला आहे. परंतु त्यामागे जोडलेले 'कारण' आणि 'म्हणून' त्या निबंधात कुठेही नाहीत, ते आपण चिकटवलेले आहेत. विज्ञान शिकवणाऱ्यांनी एखादा आकडा केवळ पाठ करून पुढे पाठवू नये, तो कुठून आला, कसा मोजला आणि त्यातून काय निघते व काय निघत नाही, हे पाहावे असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी या एकाच आकड्याची उलटतपासणी करू. ती करताना मूळ निबंधाचे थोर काम आणि त्याच्या मर्यादा दोन्ही समोर येतील. आपल्या 'जागृती'च्या कल्पनेचेही थोडे परीक्षण होईल.

निबंध काय आहे?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, शिक्षणाने स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी व डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. संस्थेच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाचे नवेपण कशात होते? तोवर स्त्रीरोगांची जी आकडेवारी मिळे ती दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची. दवाखान्यात कोण येते? ज्यांना त्रास असह्य झाला आहे, ज्यांच्याजवळ पैसे आहेत, ज्यांना घरातून कोणी घेऊन येते. ज्या येत नाहीत त्यांचे काय, हे दवाखान्याच्या नोंदवहीतून कधीच कळत नाही. या अभ्यासात गावाला एकक धरले. १३ वर्षांवरील सर्व मुली व स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासणीसाठी बोलावले. प्रत्येकीची मुलाखत, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या झाल्या. अशा रीतीने ६५० स्त्रियांची माहिती हाती आली.

निष्कर्ष थोडक्यात असे. ५५ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक तक्रार होती, ४५ टक्क्यांना काहीच तक्रार नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी संख्या ३.६ होती. त्यांपैकी निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

आकडे उलगडून पाहू

येथे थांबून थोडे अंकगणित करू. दहावीच्या वर्गातही ते करता येईल.

६५० चे ९२ टक्के म्हणजे ५९८. म्हणजे निरोगी ठरलेल्या स्त्रिया ५२. ६५० चे ४५ टक्के म्हणजे सुमारे २९३. इतक्या जणींची काही तक्रार नव्हती. आता असे समजू की या ५२ निरोगी स्त्रिया सगळ्याच्या सगळ्या 'तक्रार नाही' म्हणणाऱ्यांतल्याच होत्या. तरीही २९३ वजा ५२ म्हणजे किमान २४१ स्त्रिया अशा उरतात, ज्यांची तक्रार नव्हती पण तपासणीत आजार सापडला. 'मला काही होत नाही' असे सांगणाऱ्या दर पाच जणींत किमान चौघी!

आम्हाला या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा आकडा ९२ नव्हे, तर हा न छापलेला आकडा वाटतो. आरोग्यसेवा साधारणपणे एका गृहीतावर चालते: माणूस आजारी पडतो, त्याला त्रास होतो, तो डॉक्टरकडे जातो. या साखळीतली मधली कडीच येथे गळालेली आहे. बाई आजारी आहे, पण तक्रार नाही. तक्रार नाही याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे आजार खरोखरच मूक आहे. जननमार्गाचे कित्येक संसर्ग असे असतात. दुसरे म्हणजे त्रास आहे, परंतु 'बाईच्या जातीला हे असायचेच' असे समजून तो तक्रारीच्या खात्यात धरलाच जात नाही. कंबर दुखते, ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, आणि विचारले तर उत्तर मिळते, 'काही नाही, बरी आहे.' मुलाखतीतल्या 'नाही'मध्ये या दोन्ही प्रकारचे 'नाही' मिसळलेले असते. ते वेगळे काढणे कोणत्याही प्रश्नावलीला कठीण जाते.

मूक आजार किती महाग पडतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी व गरजेप्रमाणे उपचार मिळाले, त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले. तक्रारीची वाट पाहत बसले असते तर हे घडले नसते. कारण तक्रार सुरू होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आता आक्षेप

चांगल्या निबंधावर आक्षेप घेणे हा त्याचा सन्मानच असतो. नव्वदच्या दशकात या धर्तीवर भारतात इतर ठिकाणीही अभ्यास झाले आणि १९९८ मध्ये मायकेल कोनिग व सहकाऱ्यांनी अशा सर्व अभ्यासांच्या पद्धतीची चिकित्सा केली. त्यातील व आमचे काही मुद्दे असे.

पहिला मुद्दा सहभागाचा. दोन्ही गावांत जितक्या स्त्रिया पात्र होत्या त्यांपैकी सुमारे ५९ टक्केच तपासणीला आल्या. अशा नाजूक तपासणीसाठी, त्या काळात, खेड्यात इतक्या जणी आल्या हेच विशेष. तरीही न आलेल्या ४१ टक्के कशा होत्या? ज्यांना त्रास होता त्याच अधिक आल्या असतील, तर ९२ हा आकडा फुगलेला आहे. उलट, ज्यांना आजाराची लाज वाटते त्याच घरी राहिल्या असतील, तर तो कमीही असू शकेल. खरे काय ते कळणे शक्य नाही, पण सीमा आखता येते. न आलेल्या सर्वच्या सर्व स्त्रिया ठणठणीत होत्या असे अगदी टोकाचे गृहीत धरा. तरी ५९ टक्क्यांचे ९२ टक्के म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रिया आजारी ठरतात. आकडा ९२ वरून घसरला, पण थांबला तो निम्म्याच्या वरच. चिकित्सक वाचनाने आकडा कोसळतोच असे नाही. कधी कधी तो किती भक्कम जमिनीवर उभा आहे हे त्यातून कळते.

दुसरा मुद्दा व्याख्येचा. 'आजार' कशाला म्हणायचे? या अभ्यासात गर्भाशयमुखावरील लालसर भागाचाही, ज्याला त्या वेळी डॉक्टर 'इरोजन' म्हणजे झीज म्हणत, आजारांत समावेश होता. आज वैद्यकशास्त्र याकडे वेगळ्या नजरेने पाहते. गर्भाशयमुखाच्या आतील बाजूचे नाजूक, लाल दिसणारे पेशींचे अस्तर बाहेरच्या बाजूला पसरलेले दिसणे ही तरुण वयात, गरोदरपणात किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेताना आढळणारी, बहुतेक वेळा निरुपद्रवी अशी स्थिती आहे. तिथे झीज झालेली नसते, जखमही नसते. म्हणजे १९८९ च्या मोजपट्टीने जी स्त्री आजारी होती ती आजच्या मोजपट्टीने कदाचित निरोगी ठरेल. यात संशोधकांचा दोष नाही. त्या काळची पाठ्यपुस्तके हेच शिकवत होती. पण ९२ चा आकडा आज जसाच्या तसा उच्चारणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवे.

तिसरा मुद्दा दोन गावांचा. वसा आणि अमिर्झा म्हणजे अख्खा गडचिरोली जिल्हा नव्हे, आणि 'आदिवासी स्त्री' तर नव्हेच. भामरागड, एटापल्लीकडची माडिया गावे आणि ही दोन गावे यांत भाषा, चालीरीती, दळणवळण सगळ्यांचेच अंतर आहे. दोन गावांचे निष्कर्ष दोन गावांचेच असतात. त्यांवरून 'जंगलातल्या बायकांचे असेच असते' असे म्हणणे ही आपली घाई आहे. निबंधाच्या शीर्षकात शब्द होता 'ग्रामीण भारतीय स्त्रिया'. 'आदिवासी', 'मागास', 'रूढिग्रस्त' ही विशेषणे नंतरच्या वक्त्यांनी जोडली.

चौथा मुद्दा कार्यकारणाचा. स्त्रियांसाठीची गर्भनिरोधक साधने वापरणाऱ्यांत आजारांचे प्रमाण अधिक दिसले, असे निबंध सांगतो. पण त्याने एकूण आजारांचा अगदी थोडाच भाग उलगडतो, हेही तो लगेच सांगतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नाही. साधने वापरणाऱ्या स्त्रिया साधारणपणे बाळंतपणे झालेल्या, वयाने मोठ्या. मग कारण साधन की बाळंतपण? एका वेळी केलेल्या पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही. हा वाक्याचा उत्तरार्ध वगळून पूर्वार्ध तेवढा सांगितला, तर संशोधनाचा विपर्यास होतो आणि भीती पसरते ती वेगळीच.

गोवा आणि गिझा

एक अभ्यास दुसऱ्याशेजारी ठेवला की दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

१९९३ साली इजिप्तमधील गिझा भागातल्या खेड्यांतील अशाच तपासणीचा निबंध प्रसिद्ध झाला. तेथे ५०९ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत जननमार्गाचा संसर्ग आढळला आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांत गर्भाशय वा योनीच्या भिंती खाली सरकल्याचे आढळले, ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात. देश वेगळा, धर्म वेगळा, चालीरीती वेगळ्या, आणि चित्र तेच. तेव्हा हा प्रश्न गडचिरोलीच्या जंगलाचा किंवा तिथल्या रूढींचा खास प्रश्न आहे, ही समजूत टिकत नाही. अनेक बाळंतपणे, कष्टाची कामे, दूरचे दवाखाने आणि न विचारणारे डॉक्टर जिथे जिथे असतात, तिथे तिथे हे असते.

दुसरा अभ्यास गोव्याचा. २००१ ते २००३ या काळात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात २४९४ स्त्रियांची पाहणी केली. तेथे प्रयोगशाळेच्या चाचण्यांनुसार जननमार्गाचा संसर्ग सुमारे २८ टक्के स्त्रियांत आढळला. ९२ कुठे आणि २८ कुठे! परंतु घाई नको. ९२ मध्ये सर्व प्रकारचे स्त्रीरोग होते, २८ मध्ये फक्त संसर्ग. तिथे डॉक्टरांच्या नजरेने केलेल्या निदानांचाही समावेश होता, इथे प्रयोगशाळेचा निकाल. मोजलेली वस्तूच वेगळी आहे. दोन टक्केवाऱ्यांची तुलना करण्याआधी 'कशाचे टक्के?' हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

गोव्याच्या अभ्यासातले आणखी एक निरीक्षण विचार करायला लावणारे आहे. पांढरे जाण्याची तक्रार सुमारे १४ ते १५ टक्के स्त्रियांनी केली. ही तक्रार कोणाची असते, हे तपासले तेव्हा संसर्गाशी तिचे नाते कमकुवत आणि मानसिक ताण, उदासी, चिंता यांच्याशी मात्र घट्ट असल्याचे दिसले. म्हणजे गडचिरोलीत आजार होता पण तक्रार नव्हती, आणि गोव्यात तक्रार होती तिथे पुष्कळदा संसर्ग नव्हता. 'पांढरे जाते' या शब्दांत बाई कधी जंतूंविषयी सांगत असते, कधी थकव्याविषयी, कधी घरातल्या अशा गोष्टीविषयी जिला दुसरे नावच नाही. हे न ऐकता प्रत्येक तक्रारीवर प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या तर बाईचे दुखणे तसेच राहते, आणि जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात.

अज्ञान कोणाचे?

आता 'जागृती' या शब्दाकडे येऊ. त्यात एक चित्र दडलेले आहे: गावातली बाई झोपलेली आहे आणि आपण तिला उठवायला निघालो आहोत. हे चित्र कितपत खरे आहे?

निबंधाच्या पाठोपाठ राणी व अभय बंग यांनी आणखी एक काम केले, ज्याची चर्चा कमी होते. स्त्रिया हे आजार लपवतात का, त्यांच्या दृष्टीने पांढरे जाणे म्हणजे काय, त्याची कारणे त्या काय समजतात, हे त्यांनी स्त्रियांकडूनच समजून घेतले आणि नव्वदच्या दशकात लिहून काढले. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकाचे नावच बोलके आहे. आधी कान द्यायचा, मग बोलायचे.

कान दिला की काय कळते? बायकांजवळ शब्द आहेत. विदर्भात 'धुपणी' हा एकच शब्द डॉक्टरांच्या 'श्वेतप्रदर'पेक्षा अधिक लोकांना कळतो. बायकांजवळ कारणमीमांसाही आहे. अंगातली उष्णता, अशक्तपणा, कष्ट, बाळंतपणानंतर न मिळालेली विश्रांती यांचा संबंध त्या आपल्या दुखण्याशी जोडतात. ही मीमांसा आधुनिक वैद्यकाशी सर्वत्र जुळत नाही. उष्णतेने जंतुसंसर्ग होत नाही, हे सांगायलाच हवे. पण न जुळणारे ज्ञान आणि ज्ञानाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या पाटीवर लिहिणे वेगळे आणि आधी लिहिलेल्या पाटीवर लिहिणे वेगळे. वर्गात रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

उलट या अभ्यासात अज्ञान उघडे पडले ते आरोग्यव्यवस्थेचे. शंभरातल्या ९२ जणींची स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार तोवर झालेच नव्हते. बाईकडे व्यवस्थेचे लक्ष जाई ते दोनदाच, ती गरोदर असताना आणि तिची नसबंदी करायची असताना. या दोन्हींच्या मधल्या व पलीकडच्या बाईला व्यवस्थेच्या लेखी शरीरच नव्हते. निबंधाचा अखेरचा निष्कर्ष म्हणूनच बायकांना उद्देशून नाही. स्त्रीरोग व लैंगिक आजारांची सेवा हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग व्हावा, असे तो सांगतो, म्हणजे तो शासनाला आणि आपल्या व्यवसायबंधूंना उद्देशून आहे. पुढे १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्याविषयक जागतिक परिषदेत 'प्रजनन आरोग्य' ही व्यापक कल्पना मान्य झाली आणि १९९७ मध्ये भारतात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जननमार्गाच्या संसर्गांना जागा मिळाली. जगाला या प्रश्नाकडे पाहायला लावणाऱ्या कामांत गडचिरोलीच्या दोन गावांचा वाटा आहे. जागृती झाली ती आधी डॉक्टरांची.

आणि बायकांना विचारले की त्या नेमके आपल्या अपेक्षेचेच उत्तर देतात असेही नाही. गडचिरोलीत स्त्रिया एकत्र बोलू लागल्या तेव्हा दारूचा विषय निघाल्यावाचून राहिला नाही. दारूबंदीच्या चळवळीत त्या मोठ्या संख्येने उतरल्या आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरच्या स्त्रियांनीही पुढे हीच मागणी लावून धरली. तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. दारूचा लैंगिक आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला 'आज नको' म्हणता येते का, हा प्रश्न त्या बाईला विचारून पाहावा.

रूढींचे काय?

याचा अर्थ रूढी निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या झोपडीत, 'कुर्मा घरा'त राहावे लागते. पावसाळ्यात गळणारी, दार नसलेली झोपडी, सापाविंचवाची भीती, धुण्यापुसण्याची आबाळ. आरोग्याच्या दृष्टीने हे घातक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१५ मध्ये या प्रथेची गंभीर दखल घेतली.

परंतु येथेही टीका करताना आपली नजर जरा स्वतःकडेही वळवावी. पुण्या-नागपूरच्या सदनिकेत 'कावळा शिवला' म्हणून देवघरापासून दूर बसवली जाणारी मुलगी आणि कुर्मा घरातली मुलगी यांच्यात छपराचा फरक आहे, विचाराचा नाही. दोघींनाही सांगितले जाते की तुझ्या शरीरातून जे जाते ते अपवित्र आहे. ज्या गोष्टीची लाज बाळगायला शिकवले, तिच्याविषयी तक्रार कोण करणार? तेव्हा 'पारंपरिक समाज' हे केवळ जंगलातल्या वस्तीचे नाव नाही. आमच्या शाळेची स्टाफरूमही त्यात येते.

शाळेपुरते

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, खटले सोसले आणि १९५३ पर्यंत ते चालवले. त्यानंतर इतक्या वर्षांनी, २००७ मध्ये, महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घातली. त्या वेळचा युक्तिवाद असा की याने मुले बिघडतील. गडचिरोलीच्या 'सर्च'मध्ये मात्र राणी बंग यांनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' नावाची शिबिरे चालवली. त्यांत शरीर, प्रेम, लैंगिकता, नाती यांवर मुलामुलींशी थेट बोलले जाते. बंदीची भाषा आणि शिबिराची भाषा यांतली कोणती विज्ञानाच्या जवळची आहे, हे वाचकांनी ठरवावे.

प्रजननसंस्थेचा धडा आपण कसा शिकवतो? आकृती फळ्यावर, नावे पाठ, आणि 'पुढचे घरी वाचा'. परीक्षेत मुलांना आकृतीचे गुण मिळतात. पण योनीतून स्राव येणे हे सामान्यतः निरोगीपणाचेच लक्षण आहे, महिन्याच्या चक्राप्रमाणे तो कमीजास्त, पातळ-घट्ट होतो, आणि खाज, दुर्गंधी, वेदना किंवा रंगात बदल असेल तेव्हाच काळजी करायची, हे साधे ज्ञान त्या आकृतीतून मिळत नाही. दहावीतली मुलगी हे न कळता शाळेतून बाहेर पडते आणि दहावीतला मुलगाही. पुढे तो कोणाचा तरी नवरा होतो. तिला दवाखान्यात न्यायचे की नाही हे पुष्कळदा तोच ठरवतो. म्हणून हा विषय 'मुलींना वेगळे बसवून' शिकवण्यापुरता ठेवू नये. मुलींना आपसात मोकळे बोलता यावे यासाठी वेगळा तास जरूर असावा. पण मुलांना सुट्टी देऊ नये.

वर्गात करता येण्याजोग्या दोन गोष्टी सुचवतो. एक, वर केलेली गणिते विद्यार्थ्यांकडून करून घ्यावीत: ६५०, ९२ टक्के, ४५ टक्के, ५९ टक्के. शेकडेवारीचा पाठ होईल आणि विषयही सहज, लाजेशिवाय वर्गात येईल. आकड्यांच्या ओटीत घालून अवघड गोष्ट बोलता येते, हा आमचा अनुभव आहे. दोन, पाळी, स्राव, बाळंतपण यांसाठी आपल्या गावात, आपल्या घरच्या बोलीत कोणते शब्द आहेत, याची यादी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आई-आजीला विचारून आणावी. कोणावर सक्ती नको, नावानिशी काही नको. ती यादी आणि पाठ्यपुस्तकातली यादी शेजारी लिहावी. दोन यादींमधली जागा कुठे रिकामी आहे ते दिसेल, आणि तिथूनच शिकवायला सुरुवात करावी.

तर मग आकड्याचे काय?

९२ टक्के हा आकडा सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. तो पूर्ण सांगावा. दोन गावे, ६५० स्त्रिया, सुमारे ५९ टक्के सहभाग, १९८९ च्या व्याख्या. आणि त्याच्यासोबत दुसरा आकडा विसरू नये, ज्यावर कोणत्याही व्याख्येचा परिणाम होत नाही: यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया, ८ टक्के. पहिला आकडा बायकांच्या शरीराविषयी आहे, दुसरा आपल्याविषयी. पहिल्याला आक्षेप घेता येतात, आम्ही काही घेतलेही. दुसऱ्याला आक्षेप घ्यायला जागा सापडली नाही.

पुढच्या वेळी शिबिरात कोणी म्हणाले, 'या बायकांमध्ये जागृती नाही', तर एवढेच विचारावे: त्यांना शेवटचे कोणी, कधी, काय विचारले होते? आणि उत्तर ऐकायला किती वेळ थांबले होते?